मिश्र घोडदळाची मजल : कदम, दुडकी आणि रवाल

मराठ्यांच्या स्वाऱ्यांचे मुक्काम तिथिवार लावूं लागलें म्हणजे अभ्यासकापुढें एक अडचण हटकून उभी राहते. फौज तीच, सरदार तोच, मुलूखही बहुधा तसाच. परंतु एका पंधरवड्यांत रोजची मजल तीन-चार कोसांची पडते आणि दुसऱ्या पंधरवड्यांत तिच्या तिप्पट-चौपट. याचें उत्तर देतांना सरदाराची तडफ, पावसाचे दिवस, बुणग्यांचा भार, नद्यांचे उतार हीं कारणें सांगितलीं जातात, व तीं खोटीं नाहींत. पण ज्या जनावराच्या पाठीवर ही सारी हालचाल झाली त्याच्या चालीकडे फारसें लक्ष दिलें जात नाहीं. एका फौजेंत एकाच जातीचे घोडे क्वचितच असत; आणि जाती निराळ्या म्हणजे चालीही निराळ्या. निराळ्या चालींचीं जनावरें एका वाटेनें एकत्र कशीं न्यावयाचीं, हा प्रश्न पथकाच्या सरदारास कूच करतांना रोज सोडवावा लागत असला पाहिजे. त्याचा थोडा उलगडा करावा एवढाच या लेखाचा हेतु आहे.

या विषयाकडे आम्ही वळलों तें स्वतःच्या एका चुकीमुळें, हें आधींच सांगितलेलें बरें. कांहीं वर्षांपूर्वीं एका खाजगी संग्रहांतील पत्र तपासतांना, दोन मुक्कामांमधील एवढें अंतर स्वारांनीं इतक्या दिवसांत कापणें अशक्य, सबब तिथि लेखकाच्या हातून चुकली आहे, असा शेरा आम्हीं मारला होता. पुढें तेंच पत्र पुन्हां वाचतांना ध्यानांत आलें कीं, त्यांत ‘सडे’ हा एक शब्द होता व आम्ही त्यावरून तसेच पुढें गेलों होतों. लेखकाची तिथि बरोबर होती. चूक आमची होती.

शिरोळच्या माणसाला हा विषय परका वाटूं नये. हें गांव कृष्णा व पंचगंगा यांच्या दुआबांत आहे. कृष्णेपलीकडे मिरज, संगमाशीं नृसिंहवाडी, आणि संगम ओलांडतांच कुरुंदवाड. इ. स. १७३१ च्या वारणेच्या तहानें वारणा-कृष्णेच्या दक्षिणेचा मुलूख करवीरकरांकडे राहिला, आणि पुढें पटवर्धनांचें ठाणें मिरजेस बसल्यावर दोन्ही बाजूंच्या स्वारांचें जाणेंयेणें या पट्ट्यांतून वारंवार होऊं लागलें. वासुदेवशास्त्री खरे यांनीं मिरजेस राहून इ. स. १८९७ पासून जो ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, त्याचा पायाच पटवर्धनी दप्तर हा आहे. कूच, मुक्काम आणि मजल हे शब्द त्या पत्रांतून जागोजाग भेटतात. त्यांचा अर्थ लावावयाचा तर घोड्याचे पाय कसे पडतात येथूनच सुरुवात केली पाहिजे.

घोड्याची साधी चाल म्हणजे कदम. तींत चारही पाय एकामागून एक पडतात. कान देऊन ऐकल्यास चार टापा निराळ्या ऐकूं येतात. कोस ढोबळ मानानें दोन मैलांचा धरला तर या चालीनें तासास दोन कोस वाट सरते, लांब पावलाच्या जनावराची थोडी अधिक. तिच्या वरची चाल दुडकी. तींत पुढचा उजवा व मागचा डावा, मग पुढचा डावा व मागचा उजवा, असे तिरपे पाय जोडीनें पडतात. टापा दोनच, आणि त्या दोहोंमध्यें घोडा क्षणभर अधांतरीं असतो. स्वारास बसणारा हिसका या अधांतराचा होय. वेग मात्र कदमाच्या दुप्पट. तिसरी चाल रवाल, हिलाच रहवाल असेंही म्हणतात. हिच्यांत एकाच बाजूचे दोन पाय लागोपाठ पडतात. टापा चारच, पण घाईच्या, आणि कोणता ना कोणता पाय सदैव जमिनीवर. म्हणून पाठ डोलते पण उसळत नाहीं. या चालीचा चांगला घोडा दुडकीच्या घोड्याबरोबर सहज जातो आणि स्वाराचें अंग मोडत नाहीं. भरधांव दौडीचा विचार येथें केलेला नाहीं. ती लढाईंत उपयोगी, मजलेच्या हिशेबांत तिला जागा नाहीं.

रहवाल हा शब्द फारसी ‘रहवार’ याचेंच रूप होय. ‘राह’ म्हणजे वाट, तेव्हां वाटेला योग्य तो रहवार. नांवांतच उपयोग सांगितलेला आहे. राजस्थानांत याच चालीला रेवाल म्हणतात. युरोपांतही मध्ययुगीन सरदार प्रवासाला अशाच मऊ चालीच्या घोड्यावर बसे व लढाईचा दांडगा घोडा मागून चालवीत नेई. आमच्याकडील कोतवाल घोडा, म्हणजे खोगीर घालून रिकामा चालविलेला घोडा, त्याचाच भाऊ म्हणावयाचा. ही चाल कित्येक जनावरांस उपजत असते, कित्येकांस एका बाजूचे पाय दोरीनें जोडून शिकवावी लागते. उपजत चालीचें कारण स्वीडनमधील संशोधकांनीं इ. स. २०१२ मध्यें शोधून काढलें: डीएमआरटी-३ नांवाच्या जनुकांतील एका बदलाशीं तिचा निकट संबंध आहे. पुढें इ. स. २०१६ मध्यें जुन्या हाडांच्या तपासणीवरून हा बदल इंग्लंडांतील यॉर्क येथें नवव्या शतकांतील घोड्यांत आढळल्याचें प्रसिद्ध झालें. तथापि रोमन ग्रंथकार प्लिनी यानें पहिल्या शतकांतच स्पेनमधील अशा मऊ चालीच्या घोड्यांचा उल्लेख केलेला आहे. तेव्हां हाडांचा पुरावा आणि चालीचा इतिहास एकच समजण्याची घाई करूं नये असें आम्हांस वाटतें.

आतां मराठी फौजेंतील घोड्यांच्या जाती पाहूं. ‘आईन-इ-अकबरी’त घोड्यांचे अरबी, इराकी, मुजन्नस, तुर्की, याबू, ताजी, जंगला असे वर्ग सांगून शिवाय तट्टू निराळें धरलें आहे, आणि वर्गावरून दाण्याचें मान ठरविलें आहे. यांतील तुर्की, ताजी, याबू हे शब्द दक्षिणेंतही रूढ झाले. अरबी घोडा समुद्रमार्गें येई, इ. स. १५१० मध्यें गोवें घेतल्यावर हा व्यापार आपल्याच बंदरांतून चालावा अशी खटपट पोर्तुगीजांनीं केली, आणि विजयनगर व आदिलशाही हीं दोन्ही राज्यें त्यांचीं गिऱ्हाइकें होतीं. अरबी घोड्याची उपजत चाल दुडकीची. तुर्की घोडे उत्तरेकडून येत व त्यांत मऊ चालीचीं जनावरें पुष्कळ. काठेवाडी व मारवाडी घोडे, ज्यांच्या कानांचीं टोंकें आंत वळून एकमेकांस भिडूं पाहतात, त्यांतही रवाल उपजत सांपडते. आणि या सर्वांच्या खालीं, संख्येनें मात्र सर्वांच्या वर, दख्खनी तट्टू. भीमा-नीरेच्या खोऱ्यांतील भीमथडी तट्टाची कीर्ति निराळी सांगावयास नको. बांधा लहान, खूर कठीण, खाण्यापिण्याचे लाड नाहींत. पण पाऊल आंखूड. हें आंखूड पाऊल पुढील विवेचनांत महत्त्वाचें आहे. जातां जातां सांगण्यासारखी गोष्ट ही कीं, संपली संपली म्हणतां म्हणतां ही जात धनगर मेंढपाळांच्या ओझ्याच्या तट्टांत टिकून राहिली, आणि अलीकडे कर्नाल येथील राष्ट्रीय संस्थेनें तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे.

असे घोडे एकत्र चालविले तर काय होतें, हें पुस्तकांतून कळेना, म्हणून गेल्या हिवाळ्यांत आम्हीं तें करून पाहिलें. एक वरातीच्या धंद्यांतील मारवाडी वळणाची रवाल घोडी, एक गाडीच्या शर्यतींतला दुडकीचा घोडा, आणि एका मेंढपाळाकडून मागून आणलेलें तट्टू, अशीं तीन जनावरें घेऊन शिरोळहून नृसिंहवाडीपर्यंत, म्हणजे सुमारें दोन कोस, आम्ही गेलों. (घोडी वाजंत्रीची इतकी संवयीची कीं, वाटेंत एका देवळांतील झांज ऐकून तिनें नाचावयास सुरुवात केली, पेशव्यांच्या फौजेंत ही अडचण नसावी.) गांवाबाहेर पडेपर्यंत तिन्ही जनावरें कदमानें बरोबर होतीं. मोकळी वाट लागतांच घोडीला तिच्या चालीवर सोडली, आणि मौज सुरू झाली. दुडकीच्या घोड्याला त्या वेगाची चालच नव्हती: कदमानें चालला तर मागें राही, दुडकी धरली तर पुढें जाई, मग स्वार लगाम खेंची, पुन्हां मागें पडे. तट्टू तर पांच-सात मिनिटांनीं एकदां उड्या मारीत गांठी व पुन्हां मागें पडे. वाडीस पोंचलों तेव्हां घोडी कोरडी, घोडा तोंडाशीं फेंसाळलेला, आणि तट्टू खोगिराखालीं भिजून चिंब. वाट तीच व वेळही तोच. पण तट्टाला दुप्पट मेहनत पडली होती.

बरोबर आलेला म्हातारा मोतद्दार हें सारें पाहत होता. तो म्हणाला, “आंखूड पावलाचं जनावर म्होरं घाला, मंग कुनी मागं ऱ्हायाचं न्हाई.” परत येतांना आम्हीं तसें केलें. तट्टू पुढें, त्याच्या कदमाला धरून घोडा, सर्वांमागें घोडी. शिरोळास पोंचावयास वेळ अधिक लागला, पण जनावरें घामेजलीं नाहींत, आणि वाटल्यास तशीच आणखी एक मजल मारतीं. त्रास झाला तो घोडीला. फार आवरून धरल्यानें तिची चाल मोडली व ती मधून मधून अडखळूं लागली. तेव्हां तिला अधूनमधून मोकळी पुढें सोडून, गांठ पडेपर्यंत थांबवावी लागली. तिन्ही चालींना समाईक अशी गोष्ट एकच, आणि ती म्हणजे कदम. त्याचा वेगही सर्वांत आंखूड पावलाचा.

हें एकदां लक्षांत आलें म्हणजे जुन्या व्यवस्थेंतील कांहीं गोष्टींचा निराळा उलगडा होतो. सभासदाच्या बखरींत शिवछत्रपतींच्या पागेची रचना सांगतांना पंचवीस बारगिरांमागें एक पखालजी व एक नालबंद दिलेला आहे. पाणी आणि नाल यांच्यासाठीं ज्याला दुसऱ्याकडे पाहावें लागत नाहीं असा हा पंचवीस घोड्यांचा संच होय. आणि बारगिराचा घोडा सरकारी असल्यामुळें अशा संचांत सारख्या पावलाचीं जनावरें घालणें शक्य होतें. शिलेदाराचें तसें नाहीं. त्याला नालबंदी मिळे, पण घोडा त्याचा स्वतःचा, ऐपतीप्रमाणें घेतलेला. त्यामुळें शिलेदारी पथक म्हणजे चालींचें कडबोळेंच. पथकांत जनावरांची नुसती खोगीरभरती झाली कीं सगळी मजल त्या भरतीच्या पावलानें पडावयाची. पागा आणि शिलेदार यांत सरकारनें पागेवर अधिक भरंवसा ठेवला याचीं कारणें इमानाचीं व पैशाचीं म्हणून सांगितलीं जातात. त्यांत चालीच्या एकसारखेपणाची भर घालावी असें आमचें मत आहे.

‘सडे’ हा शब्द आतां पुरता कळतो. सडी फौज म्हणजे बुणगे, तोफा, डेरे मागें ठेवून निघालेली फौज, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु असे सडे होतांना मंद जनावरेंही मागें राहत, आणि पुढें निघे तो निवडलेल्या चालीचा जमाव. इ. स. १७३७ मध्यें बाजीरावानें बुणगे बुंदेलखंडांत ठेविले, सादतखानास बगल दिली, आणि मार्चच्या अखेरीस तो एकाएकीं दिल्लीपुढें उभा राहिला. ही गति सगळ्या मराठी फौजेची नव्हे. ती वेंचलेल्या स्वारांची. याच्या उलट उदाहरण इ. स. १७६० चें. भाऊसाहेब मार्चच्या मध्यास परतुराहून निघाले व दिल्ली हातीं आली ती ऑगस्टच्या आरंभीं. तोफखाना, कबिले, यात्रेकरू आणि चंबळ-यमुनेचें पाणी असतांना उत्कृष्ट अरबी घोड्यालाही बैलाच्या पावलानेंच जावें लागलें.

आमच्या या भागाशीं जवळचें उदाहरण परशुरामभाऊ पटवर्धनांचें. टिपूवरील मोहिमेंत सप्टेंबर १७९० पासून पुढील एप्रिलपर्यंत ते धारवाडच्या वेढ्यांत होते. कॅप्टन लिटलची मुंबईकर इंग्रज पलटण त्यांच्याबरोबर होती, आणि तींतील एडवर्ड मूर यानें या स्वारीचें सविस्तर वर्णन इ. स. १७९४ मध्यें छापलें. मे १७९१ च्या अखेरीस हरिपंत फडके व भाऊ यांच्या फौजा श्रीरंगपट्टणाजवळ कॉर्नवॉलिसला मिळाल्या, तेव्हां ओढीचे बैल मेल्यामुळें त्यानें आपल्या वेढ्याच्या मोठ्या तोफा नुकत्याच फोडून टाकल्या होत्या. मराठे इतके जवळ आले आहेत याची त्याला वार्ताही नव्हती. टिपूच्या स्वारांनीं जासूद अडविले हें त्याचें कारण खरेंच. पण बैलाच्या मजलेंत विचार करणारा सेनापति आणि घोड्याच्या मजलेनें येणारे मित्र यांचा हिशेब जुळला नाहीं, हेंही त्यांत आहे.

तेव्हां मुक्कामांच्या यादीवरून फौजेची गति काढतांना ती सगळी फौज होती कीं सडे स्वार, पागा होती कीं शिलेदार, हें पत्रांतच शोधलें पाहिजे. घोड्याच्या उत्तम चालीनें मजल मोजूं नये, आणि लांब मजल दिसली म्हणून तिथि खोटीही ठरवूं नये. आमच्या पाहण्यांत आलेल्या घोड्यांच्या चेहऱ्यांत रंग, वय, खुणा व किंमत आढळते, चाल मात्र क्वचित. किंमतीसाठीं केलेल्या कागदांत ती असण्याचें कारणही नाहीं. तथापि शिरोळ, कुरुंदवाड, मिरज या बाजूच्या जुन्या घराण्यांच्या दप्तरांत घोड्यांच्या खरेदीच्या पावत्या अजून असतील. त्यांत रवाल, रहवाल, दुडकी अथवा कदम यांपैकीं कोणताही शब्द आढळल्यास त्या कागदाची नक्कल, तिथीसुद्धां, मंडळाकडे पाठवावी अशी वाचकांस विनंती आहे.