कडक डोहाळे आणि साळीच्या लाह्या

जळगाव-धुळ्याकडे दिवस गेलेल्या सुनेला फोडणीचा वासही सोसेनासा झाला, की घरातल्या वडीलधाऱ्या बायका म्हणतात, 'डोहाळे कडक लागलेत.' चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, गर्भिणी दोन हृदयांची होते, म्हणून तिच्या इच्छा पुरवाव्यात, असे सुश्रुतसंहिता सांगते. त्या दौहृदाशी डोहाळ्यांचे नाते जोडतात. पण या एका शब्दाच्या पदराखाली हौस आणि यातना दोन्ही झाकल्या गेल्या. मळमळ बहुतेकींना होते. शंभरात फार तर तिघींच्या पोटात पाणीही ठरत नाही आणि वजन पाच टक्क्यांहून अधिक उतरते. वैद्यक याला 'हायपरएमेसिस ग्रॅव्हिडॅरम' म्हणते.

आपण कौतुक करतो ते बहुधा सातव्या महिन्यात, डोहाळजेवणाला. हा आजार दुसऱ्या महिन्यात सुरू होतो, तिसऱ्यात कळस गाठतो आणि पुष्कळजणींचा विसाव्या आठवड्यापर्यंत ओसरतो. हिरवी साडी येते तेव्हा ती बाई बहुधा जेवू लागलेली असते!

मधल्या काळात घर आपल्या परीने उपाय करते. आले-लिंबाचा रस, मोरावळा, साळीच्या लाह्यांचे पाणी. (लक्ष्मीपूजनाला मांडतो त्याच लाह्या; आयुर्वेदात लाजमंड वांतीवर सांगितला आहे.) मनगटाच्या घडीपासून कोपराकडे तीन बोटांवर दाब देण्याचा चिनी उपायही आता इथे पोचला आहे. आल्याने साधी मळमळ कमी होते, असे चाचण्यांत दिसले आहे. उलट्यांवरचा त्याचा परिणाम तितका ठाम नाही. मनगटावरच्या दाबाचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. तरी कुणी हात हातात घेऊन शेजारी बसते, याचे मोल मला कमी वाटत नाही. 'आम्हाला नाही का झाल्या उलट्या?' हे ऐकून ती एकटी पडलेली असते.

हे मनाचे खेळ नव्हेत. गर्भ आणि वार यांतून येणाऱ्या जीडीएफ-१५ या संप्रेरकाशी आजाराचा संबंध असल्याचे २०२३ मध्ये 'नेचर'मधील संशोधनाने दाखवले. आधीपासून ज्यांच्या रक्तात ते कमी असते, त्यांना त्याची अचानक वाढ अधिक बाधते.

खानदेशातला मे महिना तर अंगातले उरलेसुरले पाणीही ओढून घेतो. लघवी कमी आणि गडद झाली, उभे राहताच भोवळ आली, की लाह्यांच्या पाण्यावर दिवस काढू नयेत, दवाखाना गाठावा. आणि आठवडेच्या आठवडे उलट्या होत असतील तर तिथे ते आवर्जून सांगावे. अशा शरीरात थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, आटलेले असते. ते देण्याआधीच ग्लुकोजचे सलाइन लावले तर मेंदूला इजा होऊ शकते. सलाइन चालू असताना मनगट दाबायला, सोसेल तेव्हा लाह्यांच्या पाण्याचा घोट द्यायला डॉक्टरांची सहसा हरकत नसते.