दंड भरला, पण जाब?

तव्यावरचे घावन न चिकटता अलगद सुटून आले की गृहिणीला केवढे समाधान वाटते! पण ज्या टेफ्लॉनच्या लेपामुळे ही किमया घडते, त्यामागची हकीकत फारशी कोणी ऐकलेली नसेल.

अमेरिकेत ओहायो नदीच्या काठी, पार्कर्सबर्ग गावाजवळ ड्यूपाँट कंपनीचा कारखाना होता. टेफ्लॉन बनविताना तेथे १९५१ पासून 'सी-८' नावाचे रसायन वापरीत. हे रसायन निसर्गात विरून जात नाही; रक्तात शिरले की वर्षानुवर्षे ठाण मांडून बसते.

१९८१ साली कंपनीला आढळले की, कामगार स्त्रीच्या रक्तातले हे रसायन तिच्या पोटातल्या बाळापर्यंत पोहोचते. १९८४ साली ते जवळच्या गावांच्या नळाच्या पाण्यातही सापडले. असा धोका कळताच सरकारला कळवावे, असा तेथला कायदा. कंपनीने तो पाळला नाही, हा सरकारचा आरोप!

याला वाचा फोडली विल्बर टेनंट नावाच्या शेतकऱ्याने. कंपनीचा कचरा जेथे पुरला जाई, तेथून येणाऱ्या ओढ्याचे पाणी पिऊन त्याची गुरे पटापट मरू लागली. तो रॉब बिलॉट या वकिलांकडे गेला. गंमत अशी की, हे वकीलसाहेब एरवी रासायनिक कंपन्यांचीच बाजू मांडीत! पण त्यांनी कागदपत्रांचे ढिगारे उपसले आणि २००१ साली पुरावा सरकारपुढे ठेवला.

२००४ साली पर्यावरण खात्याने कारवाई सुरू केली. डिसेंबर २००५ मध्ये तडजोड झाली. दंड १ कोटी २ लाख ५० हजार डॉलर, शिवाय ६२ लाख ५० हजार पर्यावरणाच्या कामांसाठी. खात्याने तोवर मिळविलेला हा सर्वांत मोठा प्रशासकीय दंड. पण कंपनीने दोष काही कबूल केला नाही.

गावकऱ्यांच्या दाव्यातही तडजोडच झाली. मात्र त्यांनी शास्त्रीय तपासणीची अट घालून घेतली. सुमारे ६९ हजार माणसांची माहिती आणि रक्ताचे नमुने गोळा झाले. २०१२ पर्यंत शास्त्रज्ञांच्या मंडळाने निर्वाळा दिला : मूत्रपिंडाच्या कर्करोगासह सहा विकारांशी या रसायनाचा संबंध संभवतो. तो ऐकायला टेनंट नव्हता. २००९ सालीच तो वारला होता.

२०१९ साली या रसायनाची नोंद जागतिक करारातील घातक द्रव्यांच्या यादीत झाली. दंडाच्या पावत्या फायलीत जातात, वाचकहो! 'आमच्या पाण्यात काय आहे?' असे विचारणारा एखादा टेनंट मात्र गावोगावी हवा.