'पॉश' आणि मुंबईची बोट

कोरेगाव पार्कात घर घेतलं म्हटलं की समोरचा म्हणतो, "अरे वा, पॉश एरिया!" बैठकीत एखादा माहितगार असला, तर लगोलग या शब्दाची जन्मकथाही ऐकायला मिळते.

कथा अशी. साहेबलोक पी अँड ओ कंपनीच्या बोटीने इंग्लंडहून मुंबईला येत. सुएझ ओलांडलं की तांबड्या समुद्रात जीव नकोसा करणारा उकाडा. बोटीचं तोंड आग्नेयेला, त्यामुळे दुपारचं ऊन उजव्या अंगाला. म्हणून पैसेवाले येताना डावीकडची, म्हणजे 'पोर्ट' बाजूची केबिन घेत आणि परतताना उजवीकडची, 'स्टारबोर्ड'ची. 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'! या चार आद्याक्षरांचा शिक्का तिकिटावर बसे आणि झाला 'पॉश'.

उन्हाचा हिशेब चोख आहे, म्हणूनच कथा पटते. पण तसा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर पुढे आलेलं नाही आणि कंपनीच्या कागदपत्रांतही त्याचा पुरावा मिळालेला नाही. कथा छापून येऊ लागली तीच 1930च्या दशकात. शब्द तोवर चांगला रुळला होता. पुढे 1968च्या 'चिटी चिटी बँग बँग' चित्रपटातल्या गाण्याने तिला पंख फुटले.

'झकपक' या अर्थाने हा शब्द 1914 साली ब्रिटिश लष्करावरच्या एका पुस्तकात भेटतो. तिथे ना बोट, ना मुंबई. घोडदळातला शिपाई पायदळवाल्यापेक्षा कपड्यांचा कसा शौकीन असतो, एवढंच तिथे सांगायचं आहे. त्याआधी, 1890च्या एका बोलभाषेच्या कोशात 'पॉश'चे दोन अर्थ दिलेत: पैसा आणि छानछोकी करणारा माणूस. छानछोकी करणाऱ्यावरून छानछोक वस्तूवर शब्द घसरला असावा; मला तरी हीच वाट सरळ वाटते.

गंमत पैशाच्या अर्थात आहे. रोमानी भाषेत 'पॉश' म्हणजे अर्धा, त्यावरून अर्धी पेनी. रोमा लोकांचे पूर्वज मूळचे भारतातले आणि त्यांचा हा शब्द संस्कृत 'पार्श्व'पर्यंत नेता येतो. आपलं 'पाशी' त्याच घरातलं. पैशाच्या 'पॉश'चा झकपक 'पॉश'शी सांधा मात्र पक्का जुळलेला नाही. तो जुळला, तर भारताचं नातं निघेल, पण बोटीने नव्हे, पायी गेलेल्यांकडून.

आद्याक्षरं जोडून शब्द पाडण्याची हौस मुख्यतः विसाव्या शतकातली. त्यामुळे जुन्या शब्दाची अशी फोड कोणी सांगितली की आधी शंका घ्यावी. 'न्यूज' चार दिशांच्या आद्याक्षरांतून आला, हीदेखील त्यातलीच लोणकढी. ते 'न्यू'चं साधं अनेकवचन आहे.

खराखुरा आद्याक्षरी 'पॉश' मात्र आज ऑफिसाऑफिसांत आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला आळा घालणाऱ्या 2013च्या कायद्याला सगळे याच नावाने ओळखतात. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील, तर तिथे त्याखाली अंतर्गत समिती नेमावीच लागते.