ओरखड्यांपासून संरक्षण : फिल्मची निवड

कारखान्यातून बाहेर पडणारा स्टेनलेस स्टीलचा पत्रा किंवा ॲल्युमिनियमची खिडकी निर्दोष असते. परंतु कापणी, वाहतूक व जोडणी या टप्प्यांत तिच्यावर ओरखडे उमटतात. ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमवरील ओरखडा बांधकामाच्या जागी बुजविता येत नाही. ओल्या सिमेंटमधील अल्कली लागल्यास त्यावर कायमचे डाग पडतात. शाळेच्या इमारतीत असे घडले, तर भुर्दंड सार्वजनिक निधीवर पडतो. तो टाळण्याचा सोपा उपाय म्हणजे चिकट संरक्षक फिल्म.

ही फिल्म बहुधा पॉलिथिलीनची असते. तिची जाडी सामान्यतः ३० ते १०० मायक्रॉन असते. १,००० मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर, यावरून तिच्या पातळपणाची कल्पना यावी.

निवडीचे निकष

फिल्म निवडताना प्रथम पृष्ठभाग पाहावा. आरशासारख्या गुळगुळीत पत्र्यावर फिल्मचा मोठा भाग टेकतो. म्हणून तेथे सौम्य चिकटपणा पुरतो. खरखरीत किंवा दाणेदार रंगलेपावर ती मोजक्याच ठिकाणी टेकते. तेथे अधिक चिकट फिल्म लागते. पावडर कोटिंग पूर्ण पक्के होऊन थंड झाल्यावरच फिल्म लावावी.

दुसरा निकष उन्हाचा. रबरावर आधारित चिकटद्रव्य चटकन पकड घेते, परंतु उन्हात लवकर खराब होते. ॲक्रिलिक चिकटद्रव्य ऊन अधिक सोसते. उघड्यावर राहणाऱ्या मालासाठी आतून काळी व बाहेरून पांढरी फिल्म उपयुक्त ठरते. काळा थर किरण अडवितो, तर पांढरा उष्णता परतवितो.

तिसरा निकष पुढील प्रक्रियेचा. पत्रा वाकवावयाचा असल्यास ताण सोसणारी, तर लेसरने कापावयाचा असल्यास त्यासाठीच बनविलेली फिल्म घ्यावी. साधी फिल्म फुगून वितळते व कडेला चिकटते.

चाचणी आणि काढणी

चिकटपणा काळ व उष्णता यांबरोबर वाढतो. त्यामुळे आज सहज निघणारी फिल्म काही महिन्यांनी फाटून निघते व मागे चिकट डाग ठेवते. यास्तव नमुन्याच्या तुकड्यावर फिल्म लावून, माल जेथे राहणार त्याच परिस्थितीत काही दिवस ठेवून मगच मोठी खरेदी करावी.

खिडक्यांवरील फिल्म गिलावा व रंगकाम संपताच काढावी. ती नवेपणाची खूण म्हणून तशीच ठेवणे हिताचे नाही. काढलेली फिल्म जाळू नये. स्वच्छ व वेगळी ठेवून पुनर्वापरासाठी द्यावी. खरेदीच्या अटींतच फिल्मचा प्रकार व ती काढण्याची मुदत नमूद केली, तर पुढील वाद टळतील आणि वस्तूही टिकेल.