लग्नाची कॅसेट कोणत्या डब्यात?

1990 च्या दशकातल्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट. अक्षता पडताहेत आणि मध्येच चित्रावर पांढऱ्या रेघा धावतात. दुकानदार विचारतो, ‘एमपी4 करून देऊ?’ घरचे मान डोलावतात.

पण एमपी4 हा नुसता डबा. आत चित्र कसं दाबून भरायचं, ते कोडेक ठरवतो. नेहमीचा एच.264 डोळ्यांना सहसा न जाणवणारे तपशील टाकून देतो; दर नव्या रूपांतरात आणखी काही गळतं. मामा-मावश्यांना मोबाइलवर पाठवायला उत्तम, जपायच्या प्रतीला नको.

तिथे एफएफव्ही1 हा कोडेक हवा, एमकेव्हीच्या डब्यात. यात एक बिंदूही हरवत नाही. फ्रेमच्या तुकड्यागणिक तपासणीचा आकडा साठवता येतो, म्हणून फाइल कुठे बिघडली तेही कळतं. जागा मात्र भरपूर खातो. (मिनीडीव्ही कॅसेट मुळातच डिजिटल; ती जशीच्या तशी उतरवावी, तासाला सुमारे 13 जीबी.)

आणखी एक गोम. टीव्हीच्या ‘पाल’ पद्धतीत सेकंदाला 25 फ्रेम, प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या, वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या दोन अर्ध्या चित्रांची. त्यामुळे संगणकावर नवरीच्या हलत्या हाताला कंगव्यासारखे दात दिसतात. दुकानदार ते ‘साफ’ करायला निघतो. पाहायच्या प्रतीत खुशाल करावेत. जपायच्या प्रतीत ते दात तसेच राहू द्यावेत.