पाठीवर पंखा, डोक्यावर छत्री: पॅरामोटरची गोष्ट

कामं आवरली का? नसतील आवरली तर हात चालू ठेवा, फक्त कान इकडे द्या.

मागच्या हिवाळ्यात आमच्या गटाची सहल कोकणातल्या एका किनाऱ्यावर गेली होती. वर्षभर बाजूला काढलेल्या पैशांतून आम्ही चौदाजणी गेलो. वाळूवर पाऊल ठेवतो तोच डोक्यावरून फटफटीसारखा आवाज करत काहीतरी गेलं. वर बघतो तर रंगीत कापडाची मोठी छत्री, खाली लोंबकळणारी दोन माणसं आणि त्यांच्या मागे फिरणारा पंखा. आमच्यातल्या मावशी, वय बावन्न, तिथेच थांबल्या. म्हणाल्या, "मला बसायचंय यात."

त्या दिवशी मावशी बसल्या नाहीत. का नाही बसल्या, तीच आजची गोष्ट. जत्रेत, महोत्सवात, समुद्रावर आता हे यंत्र दिसू लागलंय. कुणाची लेक बसेल, कुणाचा मुलगा शिकायला जाईल, कुणाच्या शेतात ते उतरेल. तेव्हा ते आपल्याला समजलेलं बरं.

हे यंत्र आहे तरी काय?

याला पॅरामोटर म्हणतात. पॅराग्लायडर म्हणजे नुसती कापडी छत्री. ती घेऊन डोंगरावरून धावत उडी घेतात. आपल्याकडे मावळात कामशेतच्या टेकड्यांवर हा खेळ बरीच वर्षं चालतो. त्याच छत्रीला पाठीवरच्या इंजिनाची जोड दिली की झालं पॅरामोटर. मग डोंगर लागत नाही, सपाट माळावरूनही उडता येतं.

आपण छत्री म्हणतो खरी, पण ते काम पंखाचं करतं. कापडाचे दोन थर असतात आणि मध्ये कप्पे. कप्प्यांची तोंडं पुढच्या बाजूला उघडी. छत्री पुढे सरकली की वारा त्यात भरतो, कापड फुगतं आणि पक्ष्याच्या पंखासारखा आकार घेतं. म्हणजे ती हवेत टिकते ती पुढे सरकत राहिल्यामुळे. सरकणं फार मंदावलं तर तिचा आधार जातो. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे.

इंजिन लुनासारखं, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं. सांगाड्यासकट त्याचं वजन साधारण २० ते ३५ किलो, म्हणजे धान्याचं अर्धं पोतं पाठीवर. पंखा सुमारे चार फुटांचा. वेग ताशी ३५ ते ५० किलोमीटर. काही यंत्रांना तीन चाकांची गाडी जोडलेली असते. प्रवाशाला बसवायचं तर बहुतेक ठिकाणी ही गाडीच वापरतात.

वारा ओळखा

धान्य वारवताना आपण आधी वारा बघतो ना? उडणाराही तेच करतो. उडताना आणि उतरताना तोंड नेहमी वाऱ्याकडे असायला हवं. समोरून वारा आला की छत्री लवकर फुगते, कमी धावावं लागतं आणि उतरताना वेगही कमी राहतो. पाठीमागून वारा घेऊन उतरणारा माणूस जमिनीवर आपटतो.

किती वारा चालतो? झाडाची पानं आणि बारीक डहाळ्या हलत असतील तर वारा बेताचा आहे. धूळ आणि कागद उडायला लागले की तो ताशी २० किलोमीटरच्या वर गेला असं समजा. अशा वाऱ्यात, त्यातही तो मध्येच जोरात आणि मध्येच मंद येत असेल तर, प्रवासी घेऊन उडणं शहाणपणाचं नाही.

वेळही महत्त्वाची. सकाळी ऊन चढण्याआधी आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर हवा शांत असते. भर दुपारी तापलेल्या रानातून गरम हवा वर उसळते. आपण माळावर वावटळ बघतो ती त्यातलीच. वावटळीत सापडलेली छत्री चुरगळते. समुद्रावर दुपारी खारा वारा जोर धरतो. शिवाय टेकडी, इमारत, सुरूची रांग यांच्या आडोशाला वारा शांत वाटतो, पण तिथे तो गोल फिरत असतो. ओढ्यात खडकामागे पाणी भोवरे घेतं, तसंच. त्या आडोशात उडणं किंवा उतरणं धोक्याचं.

उड्डाण कसं होतं?

जागा मोकळी हवी. समोर विजेच्या तारा, झाडं, माणसं नकोत. छत्री मागे पसरतात, दोऱ्या सोडवून बघतात. एका दोरीची गाठ किंवा तिच्यात अडकलेली काटकीसुद्धा छत्री वाकडी करते.

मग पट्टे. दोन मांड्यांचे, एक छातीचा. मांड्यांचे पट्टे लावायचे विसरून उडालेली माणसं वर गेल्यावर निसटून पडली आहेत. यंत्रात काही बिघाड नव्हता, फक्त विसर पडला होता. म्हणून जाणते पायलट दर वेळी ठरलेल्या क्रमाने हात लावून तपासतात: हेल्मेट, मांड्यांचे पट्टे, छातीचा पट्टा, छत्रीच्या कड्या, पेट्रोल, रेस. मध्येच कुणी बोलायला आलं तर पुन्हा पहिल्यापासून.

वारा मंद असेल तर पुढे धावून छत्री उचलतात. वारा बरा असेल तर छत्रीकडे तोंड करून ती उचलतात आणि मग वळतात. छत्री डोक्यावर आली की वर बघायचं: सरळ आहे का, पूर्ण फुगली का? असेल तरच पूर्ण रेस द्यायची. नसेल तर इंजिन बंद करून थांबायचं. थांबण्यात काही कमीपणा नाही.

पाय जमिनीवरून पूर्ण सुटेपर्यंत धावत राहायचं. पाय सुटताहेत असं वाटताच बसकण मारली की माणूस यंत्रासकट खाली आदळतो. उडाल्यावरही लगेच वळायचं नाही. पुरेशी उंची येईपर्यंत वाऱ्याच्या तोंडावर सरळ जायचं.

वर गेल्यावर

दोन्ही हातांत दोन दोऱ्या असतात, त्यांना ब्रेक म्हणतात. उजवी ओढली की उजवीकडे वळण, डावी ओढली की डावीकडे. दोन्ही ओढल्या की वेग कमी. पण हवेत फार वेळ, फार जोरात दोन्ही ओढल्या तर छत्रीचं सरकणं थांबतं. मघाशी सांगितलं ते आठवा: सरकणं थांबलं की आधार गेला.

इंजिन बंद पडलं तर? दगडासारखं पडत नाही. छत्री हळूहळू खाली येत पुढे जाते. शांत हवेत १०० मीटर उंचीवरून साधारण ५०० मीटर पुढे जाता येतं. म्हणून शहाणा पायलट सतत खाली बघत असतो की आत्ता इंजिन थांबलं तर कुठे उतरू? या प्रश्नाला उत्तर नसेल अशा जागेवरून तो जात नाही. दाट वस्ती, तारांचं जाळं आणि खोल पाणी तो टाळतो. पाण्यात पडलं तर पाठीवरचं वजन, पट्टे आणि भिजलेलं कापड माणसाला खाली खेचतात. पोहता येऊनही उपयोग होत नाही. समुद्रावर उडायचं तर किनारा गाठता येईल इतक्याच अंतरावर, आणि लाइफ जॅकेट घालून.

मावशी का बसल्या नाहीत?

आता मावशींची गोष्ट. त्या नऊवारीत नव्हत्या, साध्या गोल साडीत होत्या. साडीवरून मांड्यांचे पट्टे नीट बसेनात. तिथला माणूस म्हणाला, "कमरेचा लावला की पुरे, काही होत नाही." मावशींचा पदर वाऱ्यावर फडफडत होता आणि मागे तो पंखा. मिनिटाला २००० हून जास्त फेरे मारणारा पंखा पदर, ओढणी, वेणी क्षणात ओढून घेतो. जाळी असली तरी कापडाचं टोक तिच्यातून आत जाऊ शकतं. मळणीयंत्रात पदर गेल्यावर काय होतं ते आपल्याला कुणी सांगायला नको.

आम्ही विचारलं, "हेल्मेट?" तर एकच होतं, तेही त्याच्या डोक्यावर. दुपारचे तीन वाजले होते, वाळू उडत होती. आम्ही मावशींचा हात धरला. त्या रुसल्या. "तुम्हाला बायांना सगळ्याची भीती," म्हणाल्या. आमचंही मन खट्टू झालं. पण २०२५च्या जानेवारीत गोव्यात केरीच्या पठारावर काय झालं ते आम्हाला आठवत होतं. ते इंजिनाविना पॅराग्लायडर होतं. ते दरीत कोसळलं आणि प्रवासी बाई आणि पायलट दोघंही गेली.

म्हणून बसण्याआधी एवढं विचारा आणि बघा:

* चालवणाऱ्याने शिक्षण कुठे घेतलं, प्रवासी नेण्याचा अनुभव किती, परवानगीचा कागद आहे का?
* तुमच्यासाठी वेगळं हेल्मेट आहे का? संकटासाठी राखीव पॅराशूट आहे का?
* सलवार किंवा पँट, पायात घट्ट बूट, केस बांधून हेल्मेटच्या आत. ओढणी, सैल दागिने काढून ठेवा.
* मांड्यांचे पट्टे तुम्ही स्वतः हात लावून बघा.
* पाठीचं दुखणं, हृदयविकार, फिट येणं असेल किंवा दिवस गेले असतील तर बसू नका.
* "काही होत नाही" हे उत्तर मिळालं तर पैसे परत घ्या.

शेतात उतरलं तर

यंत्र कधी आपल्या रानातही उतरेल. पंखा पूर्ण थांबेपर्यंत जवळ जाऊ नका आणि पोरांना आधी धरा. फिरता पंखा डोळ्यांना नीट दिसत नाही, आणि या खेळातल्या बऱ्याच मोठ्या जखमा जमिनीवर, पंख्याने होतात. पेट्रोल असतं, तेव्हा विडी-काडी लांब. छत्री विजेच्या तारेवर अडकली असेल तर छत्री, दोरी, माणूस कशालाच हात लावू नका. आधी वीज कंपनीला १९१२ वर फोन करून वीज बंद करायला सांगा. माणूस पडून जखमी असेल तर त्याला उचलून बसवू नका, हेल्मेट ओढू नका. मणक्याला मार असेल तर हलवल्याने तो वाढतो. श्वास चालू आहे ना ते बघा, सावली धरा, १०८ ला फोन करा.

आणि मावशी?

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तिथे दुसरा एक पायलट होता. मावशींनी सुनेचा पंजाबी ड्रेस घातला होता, ओढणी खोलीवरच ठेवली होती. त्याने काठीला बांधलेली चिंधी बघितली, दोन हेल्मेट काढली, पट्टे लावले आणि मावशींना म्हणाला, "काकू, आता तुम्ही तपासा." मग पुन्हा चिंधीकडे बघून म्हणाला, "जरा थांबू." पाऊण तास त्याने आम्हाला वाळूत बसवून ठेवलं. वारा एकसारखा झाल्यावरच उठला.

मावशी दहा मिनिटं वर होत्या. खाली आल्यावर त्यांना विचारलं, काय दिसलं? म्हणाल्या, "तुम्ही सगळ्या. एवढ्याशा दिसत होता, पण एकीचीही मान खाली नव्हती."

थांबायला लावणारा माणूस भेटला तर त्याच्याबरोबर जा, मैत्रिणींनो. घाई करणाऱ्याबरोबर नको. पुढच्या आठवड्यात भेटू. नमस्कार.