वंशवेल आणि तिच्यातली गळालेली नावे

आडनावाच्या भरवशावर आपले मूळ शोधायला निघालेल्या माणसाने आधी बुधवार पेठेत एक फेरी मारावी. तुळशीबाग उभारणारे नारो अप्पाजी हे मूळचे खिरे. १७६१ मध्ये रामाच्या देवळाचे काम सुरू झाले आणि पुढे बागेवरून घराणेच तुळशीबागवाले झाले. जवळच बेलबाग आहे. ते देवस्थान नाना फडणिसांचे आणि नाना म्हणजे बाळाजी जनार्दन भानू. फडणिशी हा हुद्दा होता, तो आडनाव होऊन बसला. ज्यांच्या पदरी ही माणसे होती ते पेशवे मूळचे भट. चार पावलांवरचा अप्पा बळवंत चौक तर आडनाव गाळूनच ओळखला जातो. अप्पा बळवंत म्हणजे पानिपतच्या मोहिमेत पडलेल्या बळवंतराव मेहेंदळ्यांचा मुलगा. पेठेचेही तेच झाले. औरंगजेबाच्या काळात तिचे नाव मोहियाबाद होते, बुधवार हे नाव पेशवाईत मिळाले. तीन-चारशे पावलांच्या टापूत आडनावे अशी बदललेली दिसतात, तेव्हा दोनशे वर्षांपूर्वीचा पूर्वज आजच्याच आडनावाने कागदात भेटेल असे धरून चालता येत नाही.

तरीही माणसे शोधतात, आणि मराठीत या शोधाची एक जुनी, भक्कम रीत आहे. तिचे छापील रूप म्हणजे कुलवृत्तांत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून अनेक घराण्यांनी असे ग्रंथ काढले. कुलमंडळ स्थापन व्हायचे, गावोगावच्या भाऊबंदांना माहितीचे फॉर्म पोस्टाने जायचे, कुणी एक निवृत्त मास्तर किंवा कारकून पदरमोड करून वर्षानुवर्षे ते जुळवत बसायचा. मूळ पुरुष, मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, कोकणातून देशावर आलेल्या शाखा, मग पिढीवार वंशवेल आणि प्रत्येक माणसाची चार ओळींची हकिगत असा त्याचा ठरीव आराखडा. या कामामागचे कष्ट मोठे आहेत. फोन दुर्मीळ असलेल्या काळात शेकडो घरांची माहिती एका जागी आणणाऱ्या या माणसांनी समाजाच्या इतिहासाचा फार मोठा ऐवज सांभाळला.

वंशावळ मांडण्याची सवय मात्र छापखान्याहून कितीतरी जुनी आहे. वतनाच्या भांडणात वादी आणि प्रतिवादी दोघेही गोतसभेपुढे आपापला करीना मांडत. मूळ वतनदार कोण, त्याला मुलगे किती, थोरला कोण, धाकट्याची तक्षीम कोणती, हे सगळे त्यात पिढीवार येई. निवाड्यात तेच पुन्हा उतरे. इनाम कमिशनने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इनामांचे पुरावे मागितले, तेव्हा घराघरांतून सनदा, पत्रे आणि वंशावळी बाहेर निघाल्या. पुण्याच्या पेशवे दफ्तरात हे कागद रुमालांत बांधून ठेवले आहेत. दफ्तरातल्या रुमालांची संख्या एकोणचाळीस हजारांच्या घरात सांगितली जाते. गो. स. सरदेसाई यांनी १९३०नंतरच्या काही वर्षांत त्यातून निवडून पंचेचाळीस खंड छापले. ती निवड राजकारणाच्या अंगाने झालेली. सामान्य घराण्याचा कागद बहुधा अजून न छापलेल्या गठ्ठ्यातच असतो.

तो वाचायचा तर मोडी यावी लागते. आधी आडवी रेघ ओढायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे लिहीत जायचे, अशी ही लिपी. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद फारसा नाही. अक्षर लागले तरी तारीख अडते. एखाद्या पत्रात ‘सन सबा सितैन मया व अलफ’ असे लिहिलेले असते. हा सुहूर सन, अरबी अंकांत. सबा म्हणजे सात, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११६७. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण हे वर्ष मृगाच्या सुमाराला सुरू होते. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतचा कागद असेल तर १७६६, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचा असेल तर १७६७. शेजारी ‘छ’ आणि एक आकडा दिसतो. छ म्हणजे चंद्र, अर्थात मुसलमानी महिन्यातली चांद्र तारीख. महिना कळला की जंत्री उघडून इंग्रजी तारीख काढता येते. एवढे झाले म्हणजे एका कागदावरची एक तारीख हाती लागली.

इंग्रजी अमलापासून नोंदी वाढल्या आणि सामान्य माणूस कागदावर येऊ लागला. पुण्याची नगरपालिका १८५७ची. शहरात नगरपालिकेचे जन्म-मृत्यूचे रजिस्टर आणि गावात कोतवाल बुक म्हणून ओळखला जाणारा गाव नमुना १४ ही वंशशोधाची दोन मोठी साधने. शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मतारीख, जात, वडिलांचे नाव आणि आधीची शाळा मिळते. पेठेतल्या वाड्याची मिळकत पत्रिका काढली की धारकांची नावे आणि फेरफार क्रमाने दिसतात. एक जण वारला, वारस नोंद झाली, त्याच्या जागी तीन नावे लागली. वारस नोंद ही सरकारने आपल्यासाठी काढून ठेवलेली छोटी वंशावळच असते. जुने सातबारा आणि फेरफार आता महसूल खात्याच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर अनेक तालुक्यांसाठी घरबसल्या पाहता येतात.

या शोधाची निकड हौसेपुरती राहिलेली नाही. जातपडताळणीसाठी वंशावळीचे शपथपत्र लागते आणि ठरावीक तारखेच्या आधीचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी महसुली दप्तरे, शाळांची रजिस्टरे, मोडी आणि उर्दू कागद राज्यभर चाळले गेले. ज्यांना कुणी विचारत नव्हते त्या मोडी वाचकांना तालुक्या-तालुक्यातून बोलावणी आली. पणजोबांच्या नावापुढचा एक शब्द पणतवाच्या प्रवेशाचा प्रश्न झाला.

सरकारी कागद एवढे असताना घरच्या टिपणांचे मोल काय, असे कुणाला वाटेल. त्याचे उत्तर कारीच्या जेध्यांच्या घरात आहे. भोर भागातल्या या देशमुख घराण्याने आपल्यापुरत्या घटना शकवार टिपून ठेवल्या होत्या. ते टिपण लोकमान्य टिळकांच्या हाती आले आणि १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाकडून जेधे शकावली म्हणून प्रसिद्ध झाले. शिवाजी महाराजांच्या जन्माची तिथी तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी निघाली, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. बखरींनी सांगितलेल्या शकाहून हा शक वेगळा होता. पुढे राजस्थानात सापडलेल्या कुंडलीनेही त्याला दुजोरा दिला. एका घराच्या टाचणाने महाराष्ट्राला आपल्या राजाचा जन्मदिवस दिला. आपापल्या घरची जुनी डायरी रद्दीत घालण्यापूर्वी प्रत्येकाने ही गोष्ट आठवावी.

घरच्या टिपणांत काय काय येते? जन्मपत्रिकेत शक, तिथी, नक्षत्र आणि घटका-पळे असतात. श्राद्धामुळे मृत्यूची तिथी पक्की लक्षात राहते, साल मात्र विसरले जाते. महालयाच्या यादीचा पिवळा पडलेला कागद तर सोन्यासारखा जपावा. त्यात वडील-आजोबा-पणजोबा असतात, तसेच आई-आजी-पणजीही असतात. शिवाय आईच्या माहेरचे आजोबा-पणजोबा, आत्या, मावश्या, बहिणी. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वजांच्या सह्या आणि सोबत आलेल्यांची नावे मिळतात. ज्यांच्या घरी लिहिणे नव्हते त्यांची वंशावळही कुणीतरी सांभाळली. कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यात बैलावर बसून येणारे हेळवी शेतकरी घराण्यांच्या पिढ्या सांगत आले आहेत. महार वतनाच्या नोंदींनी अनेक दलित घराण्यांना गावातले आपले जुने स्थान कागदावर दाखवता आले.

आता या सगळ्या कामातली खरी अडचण. आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवतात. समजा एका कागदावर महादेव गणेश आहे, दुसऱ्यावर गणेश महादेव आणि तिसऱ्यावर पुन्हा महादेव गणेश. पहिला आणि तिसरा एकच माणूस की आजोबा-नातू? सालांत वीस वर्षांचे अंतर असेल तर दोन्ही शक्य. इथेच वंशवेलीतली एक पिढी गळते किंवा एकाच माणसाच्या दोन पिढ्या होतात. गुंता सुटतो तो बायकोच्या नावाने. पहिल्या महादेवाची बायको पार्वती आणि तिसऱ्याची रमा निघाली, तर माणसे दोन असण्याचा संभव वाढतो. रमा दुसरेपणाची नव्हती ना, एवढे पाहिले की काम झाले. तेवढ्यासाठीही तिचे माहेर ठाऊक असावे लागते. ज्या नावांवर वेलीचा खरेखोटेपणा ठरतो, नेमकी तीच नावे जुन्या कुलवृत्तांतांनी कमीत कमी लिहिली. मुलगा झाला तर त्याची शाखा, मुलगी झाली तर ‘कन्या एक’.

कायद्याचे कागदही त्याच वळणाचे. १९३७च्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या वाट्यात मर्यादित हक्क मिळाला, १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगी वारस झाली आणि १९९४ मध्ये महाराष्ट्राने तिला वडिलोपार्जित मिळकतीत सहहिस्सेदार केले. त्यानुसार वारस नोंदींत लेकींची नावे येऊ लागली, आणि लगेच हक्कसोड पत्रेही. बहिणीचे पूर्ण नाव, नवऱ्याचे नाव, वय आणि राहण्याचे गाव, सगळे एका जागी मिळते ते बहुतेक वेळा तिने आपला वाटा सोडला त्या दस्तात. वंशशोधकाला त्यातून मोठी माहिती मिळते. ती कोणत्या किमतीने मिळाली हेही त्याने विसरू नये.

लेकींच्या नावांचा आणखी एक पुरावा बुधवार पेठेतल्या दुकानांत दिसतो. तुळशीबागेत लग्नाची भांडी घेतली की दुकानदार त्यावर नाव घालून देतो. जुन्या घरांतल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर कुणी, कुणाला, कोणत्या तारखेला दिले ते कोरलेले सापडते. कल्हई उडालेल्या पातेल्याच्या काठावर आजीच्या माहेरचे आडनाव असते, आणि ते कुठल्याही रजिस्टरात नसते. माळ्यावरची भांडी मोडीत देण्यापूर्वी एकेक हातात घेऊन त्यावरची अक्षरे उतरवावीत. तेही दप्तरच आहे.

याच पेठेत १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली. त्याच वर्षी लोकहितवादींच्या पुढाकाराने पुण्याचे सार्वजनिक ग्रंथालय सुरू झाले. ते आज पुणे नगर वाचन मंदिर म्हणून बुधवार चौकात उभे आहे. कागद सर्वांसाठी खुला करणे आणि मुलीचे नाव शाळेच्या पटावर घालणे ही दोन कामे एका पेठेत एकाच वर्षी झाली, हे वंशशोध करणाऱ्याने मनावर घ्यावे. पटावर येईपर्यंत मुलगी कुणाची तरी लेक नाहीतर कुणाची तरी बायको म्हणूनच कागदावर होती. भिडे वाड्याची जीर्ण वास्तू डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी उतरवली गेली. स्मारक होईल तेव्हा होईल. त्या शाळेचा वारसा आजच्या आज चालवता येतो तो नावे लिहून.

पेठेच्या दुसऱ्या टोकाच्या गल्ल्यांत शरीरविक्रय करून जगणाऱ्या बायका राहतात. त्यांच्या कित्येक लेकरांना सांगायला एकच पिढी असते, आईची. वडिलांच्या रकान्याशिवाय अर्ज पुढे सरकत नसे, त्या काळात या मुलांनी फार सोसले. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये सरकारी कागदपत्रांत नावापुढे आईचे नाव लावण्याचा निर्णय घेतला. तो नीट राबवला गेला, तर शंभर वर्षांनी शोध घेणाऱ्याला आईच्या बाजूने चढत जाता येईल, आणि या गल्ल्यांतल्या मुलांची वंशवेलही इतरांइतकीच कागदावर उभी राहील.

म्हणून आज कुणी कुलवृत्तांताला हात घालत असेल, तर त्याने तीन गोष्टी पाळाव्यात. प्रत्येक माहितीपुढे ती कुठून आली ते लिहावे: मिळकत पत्रिका, जन्मपत्रिका, भांडे की आत्याचे सांगणे. दोन साधने एकमेकांविरुद्ध बोलत असतील तर दोन्ही ठेवावीत, सोयीचे एक निवडू नये. आणि फॉर्ममध्ये मुलाचा रकाना जेवढा लांब तेवढाच मुलीचा ठेवावा, तिची मुलेबाळेही तिच्याखाली लिहावीत. सुरुवात दफ्तरखान्यापासून करायची गरज नाही. रुमाल आहेत तिथे राहतील. घरातली ऐंशी-पंच्याऐंशीची आजी मात्र राहणार नाही. तिला तिच्या आईचे माहेरचे नाव विचारा, आजीचे विचारा, गावे विचारा आणि सांगितल्या तारखेसह लिहून ठेवा. वंशवेलीचा गळालेला अर्धा भाग तिच्याजवळ आहे.